चुन्याची रेघ

सामन्याच्या आदल्या रात्री
डोंगरानं पुन्हा घसा खाकरला.
मोठं काही नाही, जुनी खोड.
पहाटे तीनला जाऊन पाहतो तर
दुपारी मारलेल्या सगळ्या रेघा गडप,
मैदान कसं, पोरानं पाटीवर
थुंकीचा हात फिरवावा तसं.

मग पुन्हा गाडा काढला. चुना ओतला.
युडोरा बॅटरी धरून पुढे
आणि तिच्या उजेडामागे मी,
पासष्टाव्या वर्षी
एका देशाच्या हद्दी आखत.

देश म्हणजे तरी काय,
साडेचार हजार माणसं, बकऱ्या कुणी मोजल्या नाहीत,
आणि दक्षिणेला अर्धा नकाशा
जिथे पाऊल टाकायला बंदी.
तिथे, प्लिमथमध्ये, छपरापर्यंत राखेत
माझं घर उभं आहे.
निघालो तेव्हा ओट्यावर पातेल्यात
तूर भिजत घातली होती.
इतक्या वर्षांत भिजली असेल.

आमचा संघ विमानातून उतरतो.
गोलरक्षक लेस्टरला घरोघर वायरिंग करतो,
डाव्या बगलेचा पोरगा बस चालवतो,
त्याला रजा मिळाली ती तीनच दिवस.
राष्ट्रगीत फोन कानाला लावून पाठ करत होता.
युडोरानं विचारलं, ओगॅरो म्हणजे
कुठल्या ओगॅरोंपैकी? वरच्या, की पाववाल्या?
त्याला कुठलं माहीत.
तिनं त्याचे कान जरा निरखून पाहिले,
म्हणाली, पाववाल्यांचाच.
तो दिवसभर आरशात कान बघत होता.

समोरचे आले
स्वतःचा आचारी, स्वतःचं पाणी घेऊन.
त्यांच्या एका शहरात मावतील आमच्यासारखे
शंभर देश, वर बकऱ्यांना जागा उरेल.
पंचांनी सकाळी रेघांवरून फेरी मारली,
मान डोलावली,
बुटाला लागलेली राख गवतावर पुसली.

विसाव्या मिनिटाला त्यांचा गोल. अपेक्षितच.
सत्तराव्याला आमचा,
कुणाच्या गुडघ्याला लागून गेला ते
अजून ठरायचं आहे, तिघे जण दावा सांगतात.
पण त्या क्षणी टेकडीवरून जो आवाज उठला
तो ऐकून मी सवयीनं आधी
डोंगराकडे पाहिलं.

आणि मग एकोणनव्वदावं मिनिट.
चेंडू गोलरक्षकाच्या पायाखालून निसटला,
घरंगळत, अगदी सवडीनं,
आणि रेघेवर थांबला.
पाववाल्यांच्या नातवानं झेप घेऊन लाथाडला.
ते अकराच्या अकरा ओरडले, आत होता, आत!
पंचांनी रेघ पाहिली, हात हलवला.
नाही.

तिथेच, डाव्या खांबापासून दोन पावलांवर,
पहाटे युडोराला शिंक आली होती.
राखेची शिंक, एकामागून एक तीन.
बॅटरी हलली, उजेड जाळीकडे सरकला
आणि उजेडामागे माझा हात.
चार बोटं. पाचवं नाही.

शिट्टी वाजली. एक-एक.
गटात आम्ही तळालाच राहिलो, पण एक गुण घेऊन.
लोक मैदानात शिरले, म्हाताऱ्या मिस कॉर्बेट
बस ड्रायव्हरच्या गळ्यात पडून रडल्या,
बकऱ्याच्या रश्श्याची पातेली निघाली.
त्यांचा कप्तान मात्र
त्या जागी एकटाच उभा होता.
खाली वाकला. एक डोळा मिटून
खांबापासून खांबापर्यंत बघत गेला,
सुतार फळी बघतो तसा.
मग मान वर करून माझ्याकडे.
मी गाड्याचं चाक पुसायला घेतलं. ते स्वच्छच होतं.

एक अख्खं घर, एक गाव, तीन चर्च,
आईची कबर, पातेलंभर तूर,
आणि परत आली चार बोटं जागा.
ती तरी कुणाची? त्या पोरांची होती.
हिशेब मांडून पाहिला, जमत नाही.

रात्री अंथरुणातून युडोरानं विचारलं,
उद्या रेघा पुसून टाकायच्या का?
बाहेर पत्र्यावर बारीक बारीक
काहीतरी उतरायला लागलं होतं.
म्हटलं, राहू दे. डोंगर बघेल.